नाटक वाचून ‘मला काय झालं’ ते लिहायचं कसं?

शेवटचा_बाक यांचा प्रश्न

नमस्कार. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. नाटकाच्या तासाला आम्हाला प्रत्येक नाटक वाचून झालं की एक प्रतिसाद लिहून द्यावा लागतो. समीक्षा नको, कथानक नको, “वाचताना तुला काय झालं ते लिही” एवढंच मॅडम सांगतात. ऐकायला सोपं आहे. लिहायला बसले की मात्र मी एकतर गोष्ट सांगत सुटते, नाहीतर “नाटक मनाला भिडलं”, “अंतर्मुख करून गेलं” असली वाक्यं पडतात, जी कुठल्याही नाटकाखाली खपून जातील.

पण खरी पंचाईत निराळीच आहे. जिथे जे वाटायला हवं तिथे मला ते वाटत नाही. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वाचलं. हौशी नाटकवाल्यांची मंडळी एका हॉलमध्ये वेळ घालवायला खोटा खटला खेळते आणि आपल्यातल्याच बेणारेला आरोपी करते, ते नाटक. वर्गात झाडून सगळ्यांनी बेणारेच्या शेवटच्या स्वगतावर लिहिलं. मीही ते वाचलं, कळलं, पण आत काही हललं नाही. मला धसका बसला तो त्याच्या कितीतरी आधी, दाराच्या कडीचा. सुरुवातीला बेणारे हॉलमध्ये येते तेव्हा कडीत तिचं बोट सापडतं. त्या गावातला सामंत सांगतो की ही कडी जरा तशीच आहे, थोडी बाहेर राहिली की माणूस आत अडकतो. मी ते नुसतं वर्णन म्हणून वाचून पुढे गेले. मग तो खोटा खटला रंगत जातो, खेळातला खेळपणा संपतो, बेणारे निघून जायला दाराशी जाते आणि दार उघडत नाही. दुसरा अंक तिथे संपतो. माझ्या खोलीचं दार उघडंच होतं, तरी मी उठून एकदा बघून आले.

दुसरं म्हणजे राग. तो मला खटल्यात वकील झालेल्या सुखात्म्यांचा आला नाही, न्यायाधीश झालेल्या काशीकरांचाही तेवढा नाही. आला तो मिसेस काशीकरांचा. आमच्या नात्यात हुबेहूब अशा एक बाई आहेत, म्हणून मी त्यांच्यावर पानभर लिहिलं. वही परत आली तेव्हा खाली शेरा होता: “हे तुझ्याबद्दल झालं. नाटक कुठे गेलं?”

आणि तिसरं, इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’. शेवटी नोरा नवरा आणि घर सोडून दार आपटून जाते तेव्हा वाचणाऱ्याला मोकळं वाटतं म्हणे. मला पहिल्यांदा तिची आत झोपलेली मुलं आठवली. हे लिहिलं तर वर्गात मी मागासलेली ठरणार. मग न वाटलेलं वाटलं म्हणून लिहायचं का? आणि स्वतःचं आणायचं तर किती आणायचं?

---

तिसरी_घंटा

मुळात नाटक वाचायचंच कशाला? ती बघायची गोष्ट आहे. संहिता वाचून प्रतिसाद देणं म्हणजे रागाचं नोटेशन वाचून माना डोलावणं. स्वगत वाचून काही हललं नाही म्हणतेस ना, नटी समोर उभी राहिली असती तर हललं असतं. मॅडमना सांग, प्रयोग दाखवा, मग वह्या मागा.

---

प्रॉम्प्टर

तिसरी घंटा, तुमचं म्हणणं मी विंगेत बसून आयुष्यभर ऐकलं आहे, त्यामुळे राग नाही. पण हा वाद तुमच्या-माझ्या आधी बराच जुना झालेला आहे. खुद्द ॲरिस्टॉटल म्हणून गेला की शोकात्मिकेचा परिणाम प्रयोगाशिवाय आणि नटांशिवायही होतो, नुसती वाचूनही ती कशी आहे ते कळतं. तो काही नाटकाचा शत्रू नव्हता.

आता शेवटच्या बाकाकडे वळतो.

मी हौशी मंडळींत प्रॉम्प्टिंग केलं. म्हणजे ज्या नाटकांवर माझा जीव आहे त्यांतलं एकही मी समोरून बघितलेलं नाही. हातात संहिता, बारीक दिवा आणि नटांच्या पाठी. प्रॉम्प्टरचं अवघड काम वाक्य पुरवणं हे नाहीच. नट थांबला, की तो विरामासाठी थांबलाय की विसरलाय, हे त्या क्षणी ओळखणं हे खरं काम. विरामात वाक्य पुरवलंत तर नट प्रयोगानंतर मारायला उठतो. विसरला असताना गप्प बसलात तर सगळेच उठतात. त्यामुळे मला एक सवय लागली: पानावर जिथे कोणी बोलत नाही, तिथे काय चाललंय हे आधी वाचायचं. कंसातलं, म्हणजे लेखकाच्या रंगसूचना, आधी; संवाद नंतर.

तुझ्या स्वगताचंच घे. तिथला कंस परत वाच. शिक्षा सुनावण्याआधी आरोपीला बोलायला 10 सेकंद दिलेले आहेत. मग प्रकाश बदलतो, बाकीची सगळी माणसं आहेत तिथे थिजतात आणि बेणारे बोलू लागते. पानंच्या पानं बोलते. ती थांबते तेव्हा मंडळी पुन्हा हलू लागतात आणि वेळ संपलेली असते. आता सांग, ती जे बोलली ते त्या हॉलमधल्या कोणाच्या कानावर गेलं? वाचताना हा कंस निसटला तर स्वगत हे एक लांब भाषण उरतं, आणि लांब भाषणानं कोणी हलत नाही. कंस धरून वाचल्यावरही हललं नाही, तरी बिघडलं नाही. तिसऱ्या अंकात ती जवळजवळ गप्प असते. कदाचित तुला तिची ती चुप्पी जास्त पटली आणि बोलणं उशिरा आल्यासारखं वाटलं. तसं असेल तर तेच लिही. “मला काही वाटलं नाही” हे वाक्य प्रतिसादात चालतं, फक्त त्याच्यापुढे पूर्णविराम देऊन पळून जाता येत नाही.

कडीचं तुझं निरीक्षण मला फार आवडलं, आणि त्यातला कोणता भाग आवडला तेही सांगतो. दार अडकल्यावर धसका बसला हा नव्हे. “वर्णन म्हणून वाचून पुढे गेले” हा. लेखकानं ती कडी पहिल्या अंकात बोट चेपण्याच्या फालतू प्रसंगात लपवली ती तू पुढे जावंस म्हणूनच. तू पुढे गेलीस, म्हणून दुसऱ्या अंकाच्या शेवटी अडकलीस. हे नाटकाबद्दलही झालं आणि तुझ्याबद्दलही. मॅडमना एवढंच हवं असणार.

म्हणून माझा सल्ला एकच: पहिल्या वाचनाला पेन्सिल हातात ठेव आणि समासात अर्थ लिहू नकोस, नुसतं काय घडलं ते लिही. “हसू.” “कंटाळा.” “मागे जाऊन परत वाचलं.” “हा कोण?” “किती पानं राहिलीत ते बघितलं.” शेवट कळायच्या आधीच्या या खुणा लाखमोलाच्या असतात, कारण शेवट कळला की आपण सगळेच शहाणे होतो आणि आपल्याला सुरुवातीपासूनच कळलं होतं असं वाटायला लागतं. वाचून झालं की त्यातली एकच खूण निवड आणि ती पानावर कुठून आली ते शोध. बाकीच्या सोडून दे. एका प्रतिसादात एक खूण पुरते.

नात्यातल्या बाईंना आण, पण एका वाक्यापुरतं. त्यांच्यामुळे तुला पानावरचं काय दिसलं, जे दुसऱ्याला दिसलं नसतं? ते सांग आणि त्यांना घरी जाऊ दे. मिसेस काशीकरांची वाक्यं एकदा काढून बघ. त्यातली पुरी किती होतात, तोडतं कोण, आणि ज्या बाईला नवरा चारचौघांत गप्प करतो ती दुसऱ्या बाईच्या बाबतीत काय करते. तुझा राग तिथे कुठेतरी आहे.

नोराबद्दल तर तू उगाच घाबरतेस. हे नाटक 1879 चं. पुढच्याच वर्षी जर्मनीत ते करायचं ठरलं तेव्हा नोरा करणारी नटी म्हणाली, मी माझी मुलं सोडून जाणार नाही, असा शेवट करणार नाही. दुसऱ्या कोणी नाटक कापण्यापेक्षा आपणच केलेलं बरं म्हणून इब्सेननं स्वतः दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नवरा तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि तिचं पाऊल निघत नाही. लिहून देऊन वर तो या शेवटाला अत्याचार म्हणाला. म्हणजे तुला जे आठवलं ते तेव्हाही लोकांना आठवलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते नाटकातच आहे. दुसऱ्या अंकात नोरा आपल्या दाईला विचारते बघ, स्वतःचं मूल परक्यांकडे देताना तुझा जीव कसा झाला? त्या दाईनं पोटची मुलगी सोडून नोराला वाढवलेलं असतं. ते पान उघड आणि मग ठरव, तुझी काळजी मागासलेली आहे की इब्सेननं ती आधीच तिथे पेरून ठेवली होती.

---

आडवी_ओळ

प्रॉम्प्टर यांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत. पण एक धोका राहिला, तो सांगते. मी शिकवते, त्यामुळे असे प्रतिसाद गठ्ठ्यानं वाचते.

“मला असं वाटलं” हे वाक्य कोणी खोडू शकत नाही म्हणून विद्यार्थ्यांना ते फार सोयीचं वाटतं. पण वाटण्यामागे माहितीची चूक असू शकते. नोराच्याच नाटकात एका मुलानं लिहिलं होतं की एवढंसं कर्ज काढलं तर त्यात लपवायचं काय, ही बाईच नाटकी आहे. त्याला तसं मनापासून वाटलं होतं. पण पहिल्याच अंकात नोराची मैत्रीण सांगते की नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही. नोरानं कर्जाच्या कागदावर वडिलांची सही स्वतः केली आणि ती पकडली कशी जाते, तर वडील वारले 29 सप्टेंबरला आणि सहीखाली तारीख 2 ऑक्टोबरची. मेलेला माणूस तीन दिवसांनी सही करतो. हे नीट वाचल्यावर त्या मुलाला जे वाटलं ते पहिल्याहून बरंच वेगळं होतं, आणि मी त्याला दोन्ही लिहायला लावलं, पहिलं न खोडता.

तेव्हा पहिली प्रतिक्रिया पवित्र मानू नकोस. ती खरी असते, पण पुरी नसते.

“प्रतिबिंब”, “वास्तवाचं दाहक दर्शन”, “आजही तितकंच समर्पक” हे शब्द दिसले की माझा लाल पेन आपोआप उघडतो. तुमच्या मॅडमचाही उघडत असणार.

---

वाऱ्या_सांगते

मी नाटकाच्या वर्गातली नाही, पण आम्ही काही मैत्रिणी नाटकं मोठ्यानं वाचतो, भूमिका वाटून घेऊन. कोणी नटी नाही. शेवटचा_बाक, प्रतिसाद लिहिण्याआधी हे एकदा करून बघ.

चेकॉव्हचं ‘द चेरी ऑर्चर्ड’ वाचत होतो. चौथ्या अंकात सगळं सामान बांधून झालेलं आहे, घर विकलं गेलंय, आणि ते विकत घेणारा लोपाखिन त्या घरातल्या वार्याला मागणी घालणार असं सगळ्यांनीच ठरवून टाकलंय. दोघांना मुद्दाम एकटं सोडतात. वार्या येते ती सामानात काहीतरी शोधत. तो विचारतो, आता कुठे जाणार? ती सांगते. मग तो हवेबद्दल बोलतो, शून्याच्या तीन अंश खाली गेलंय म्हणतो. ती म्हणते, बघितलं नाही, आमचं थर्मामीटर फुटलंय. बाहेरून कोणीतरी त्याला हाक मारतं आणि तो जातो. झालं.

मनात वाचताना मी हे पान सरसर उलटलं होतं, “मागणी घातली नाही” एवढं कळून. मोठ्यानं वाचताना वार्या माझ्याकडे आली. थर्मामीटरचं वाक्य म्हणताना मला हसू फुटलं, कारण वाक्य आहेच तसं. पण समोरची, लोपाखिन वाचणारी, हसली नाही. तिनं पुढचं वाक्य वाचायला वेळ लावला. त्या वेळात माझ्या लक्षात आलं की वार्या खरं तर शोधत काहीच नाहीये. कंसात एवढंच आहे की ती सामानात बघते. बाकीचं आमच्या दोघींच्या थांबण्यात आलं.

आणि चुकीच्या ठिकाणी हसू आलं म्हणून लाजायचं कारण नाही. 1904 साली हे नाटक पहिल्यांदा झालं तेव्हा चेकॉव्ह त्याला विनोदिका म्हणत होता आणि बसवणारा स्तानिस्लाव्स्की शोकात्मिका समजून बसवत होता. ज्यानं लिहिलं आणि ज्यानं बसवलं त्या दोघांचंच जमलं नाही, तिथे आपण कुठे हसायचं हे आपल्याला कोण सांगणार?

---

शेवटचा_बाक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा वाचलं, आधी नुसते कंस आणि मग बाकीचं. प्रॉम्प्टरकाका, दाईचं पान सापडलं. त्यावर पुढच्या खेपेला लिहीन, कारण ते वाचून मला नोराचा राग यायच्या ऐवजी दाईबद्दलच जास्त विचारावंसं वाटायला लागलं. तिच्या मुलीनं पुढे तिला पत्रं लिहिली एवढंच ती सांगते आणि विषय संपवते.

मिसेस काशीकरांवरचा हा नवा मसुदा. बघा जमतोय का:

“मला या नाटकात सगळ्यात जास्त राग मिसेस काशीकरांचा आला आणि तो काशीकरांच्या रागापेक्षा जास्त का आला हे मला पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचताना मी फक्त त्यांची वाक्यं वाचली. त्या बोलायला तोंड उघडतात आणि नवरा त्यांना सगळ्यांसमोर गप्प करतो. मंडळी सवयीनं पुढे बोलतात. त्यांचं वाईट कोणालाच वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. माझ्या ओळखीत अशाच एक बाई आहेत, म्हणून मला ते नेहमीचंच वाटलं. मग तिसऱ्या अंकात त्या साक्षीदार होतात. तिथे सुखात्मे त्यांना प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. आत्तापर्यंत ज्यांना कोणी काही विचारलं नव्हतं त्यांना आता तपशिलात विचारलं जातंय, आणि विषय आहे दुसऱ्या बाईचं लग्न न करता राहणं. त्या बोलतात. बेणारे पिंजऱ्यात यायला तयार नसते तेव्हा तिला ओढायलाही त्याच पुढे होतात. मला राग आला तो त्यांनी ओढलं म्हणून नाही. त्यांना तिथे पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं आणि ते त्यांना आवडलं, हे मला दिसलं म्हणून आला. अशा प्रकारे हे नाटक स्त्रीच स्त्रीची शत्रू असते या वास्तवाचं प्रतिबिंब आहे.”

---

आडवी_ओळ

शेवटचं वाक्य! सगळं सुरेख चाललेलं असताना ते कुठून घुसलं? वरच्या परिच्छेदात तू नेमकं त्याच्या उलट दाखवलंस. तिचं बोलणं तोडणारा नवरा, प्रश्न विचारणारा वकील, ऐकणारी मंडळी, हे सगळे तू स्वतः समोर उभे केलेस आणि शेवटी दोष दोन बायकांत वाटून मोकळी झालीस. ते वाक्य काढ, त्याच्या जागी काही घालू नकोस. “पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं” हेही तपासून घे, “पहिल्यांदा” शब्द नाटकात सिद्ध होतो का? नसेल तर “इतकं लक्ष देऊन” म्हण.

---

प्रॉम्प्टर

आडव्या ओळीशी सहमत, शेवटचं वाक्य गेलंच पाहिजे. “मलाही वाटलं नव्हतं” हे मात्र कोणी काढायला सांगितलं तरी काढू नकोस. ओळखीतल्या बाई आल्या, एका वाक्यात गेल्या. असंच हवं होतं.

एक सुचवतो. तू त्यांचीच वाक्यं वाचलीस, तशी आता फक्त सामंतची वाच. तो या मंडळींतला नाही, त्याला ऐनवेळी खेळात घेतलंय, आणि साक्ष देताना तो हातातल्या कादंबरीतलं घेऊन बोलतो. गंमत म्हणून. सगळ्यात निरुपद्रवी माणूस, आणि त्याच्या साक्षीनंतर खटल्याचं काय होतं ते बघ. तुला त्याचा राग येतो का? मला कधी आला नाही, आणि का आला नाही याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

---

तिसरी_घंटा

मसुदा वाचला. चांगला आहे. मत बदललं असं समजू नका, पण मी हा प्रयोग बघितलाय आणि मिसेस काशीकर काम करणारीचा चेहराही आठवत नाही. सगळे बेणारेकडे बघत होतो.